बाबांच्या वाटणीचा तुकडा

टेक्ससमधल्या शुगर लँडच्या आमच्या त्या घरात सगळ्यात मोठा आवाज एसीचा. तो सुरू व्हायच्या आधी भिंतीत कुठेतरी खट्ट व्हायचं, मग सगळं घर घुमायला लागायचं, आणि तो थांबला की अशी शांतता पसरायची की आतल्या खोलीतल्या आईच्या बांगड्या बाहेर ऐकू यायच्या. नाशिकच्या आमच्या स्वयंपाकघरात शेजारच्यांचा रेडिओ, त्यांची भांडणं, त्यांच्या फोडणीचा ठसका, सगळं न बोलावता आत यायचं. इथे खिडक्या उघडायच्याच नाहीत असा नियम होता, कारण उघडली की दमट, गरम हवा आत शिरायची. बाबा एका तेल कंपनीत इंजिनिअर होते. ते सकाळी गाडी घेऊन जायचे ते दिवेलागणीला यायचे. मी शाळेच्या पिवळ्या बसने जायची. आई घरी असायची. तिच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, गाडी तिला येत नव्हती, आणि पायी जावं असं जवळपास काही नव्हतं. फुटपाथ होता, पण तो कोपऱ्यापर्यंत जाऊन गवतात संपायचा. आई संध्याकाळी तिथपर्यंत जायची आणि परत यायची. मला याचं काही वाटायचं नाही, कारण मी तेरा वर्षांची होते आणि माझं स्वतःचं दुःख मला पुरून उरत होतं.

माझं दुःख म्हणजे शाळेतली जेवणाची सुट्टी. कॅफेटेरियात लांबच लांब टेबलं असायची आणि प्रत्येक टेबल कुणाचं तरी असायचं. मी मराठी शाळेतून आलेली. इंग्रजी वाचायला उत्तम, पण बोलायला लागले की शब्द घशात अडकायचे, आणि समोरच्याने दोनदा 'काय?' विचारलं की मी 'काही नाही' म्हणून गप्प व्हायची. म्हणून मी कचऱ्याच्या डब्यांजवळच्या टेबलाच्या टोकाला बसून पोळीभाजी पटापट संपवायची आणि उरलेला वेळ पुस्तकात तोंड खुपसायची. एके दिवशी माझ्यासमोर हॅना येऊन बसली. दातांना तारा, नाकावर तपकिरी ठिपके आणि सारखी टकळी चालू. तिची नेहमीची मैत्रीण दुसऱ्या गावी राहायला गेली होती, म्हणजे जागा रिकामी झाली होती, आणि ती भरायला मी एका पायावर तयार होते. हॅनाला उत्तरं लागायची नाहीत, त्यामुळे आमचं छान जमलं. एका शुक्रवारी ती म्हणाली, "या रविवारी आमच्या चर्चला येशील? प्रत्येकाने आपल्या एका मैत्रिणीला आणायचं आहे." चर्च वगैरे मला ऐकूच आलं नाही. मी फक्त 'मैत्रीण' ऐकलं.

हॅनाने मग मला सगळं समजावून सांगितलं, आणि मी ते परीक्षेच्या अभ्यासासारखं पाठ केलं. दारात उभे असलेले लोक हात मिळवतील, तेव्हा हसायचं. कपड्यांवर चिकटवायला नावाचं स्टिकर देतील. आधी कॉफी आणि डोनट असतात, ते घेतले तरी चालतात. गाण्यांना उभं राहायचं, शब्द पडद्यावर दिसतात, येत नसलं तर नुसते ओठ हलवायचे. मध्येच सगळे उठून एकमेकांशी हात मिळवतात. देणगीचं ताट फिरतं, पण पाहुण्यांनी ते नुसतं पुढे सरकवायचं, कुणाला काही वाटत नाही. मग प्रवचन, आणि शेवटी येशूच्या आठवणीत सगळ्यांना देतात तो पाव आणि द्राक्षाचा रस. "आणि तुला काहीच करायचं नसेल तर नुसतं बसून राहिलीस तरी चालतं," हॅना म्हणाली. हे शेवटचं मला फार आवडलं होतं, कारण नुसतं बसून राहण्यात मी तरबेज होते.

घरी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "जा की. बघ काय असतं ते. पण एकटी नको." त्यांना स्वतःला रविवारी दुपारपर्यंत झोपायचं होतं, त्यामुळे 'एकटी नको' याचा अर्थ काय ते मला लगेच कळलं आणि माझं तोंड उतरलं. तेवढ्यात महाराष्ट्र मंडळातल्या जोशीकाकांचा काही कामासाठी फोन आला आणि बाबांनी सहज ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली. काकांचा आवाज रिसीव्हरमधून पार आमच्यापर्यंत आला. "वहिनींना सांग, जपून हं! ही मंडळी गोड गोड बोलून ओढतात." आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "देवाच्या दारात कुणी जपून जातं का? आणि गोड बोलले तर बोलू देत. बऱ्याच दिवसांत कुणी बोललेलं नाही." मी म्हटलं, "आई, ते मंदिर नाहीये. तिथे तू मला एम्बॅरस करू नकोस, प्लीज." आई म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' हे होकारार्थी नसायचं, ते नुसतं ऐकल्याची पोच असायची.

रविवारी सकाळी हॅनाची आजी आम्हाला घ्यायला आली. हॅनाची आई नर्स होती आणि रविवारी तिची ड्यूटी असायची, म्हणून आजीच नातीला चर्चला न्यायची. सगळे तिला मिस डॉटी म्हणायचे. टेक्ससमध्ये मोठ्या बाईच्या पहिल्या नावाआधी 'मिस' लावून हाक मारतात, मग ती आजी का असेना. तिची गाडी ट्रकएवढी उंच होती आणि आईने जांभळ्या काठांची साडी नेसली होती, त्यामुळे चढण्याचा एक कार्यक्रमच झाला. आईच्या हातात स्टीलचा डबा. मी मराठीत दातओठ खात विचारलं, "यात काय आहे?" "बेसनाचे लाडू. रिकाम्या हाताने जायचं का?" मी म्हटलं, "पाहुण्यांनी काही आणायचं नसतं, मी सांगितलं होतं." मिस डॉटीने मान वळवून विचारलं, "तुझं नाव काय गं?" मी घसा साफ करून माझं नाव सांगणार तोच आई म्हणाली, "शैला." झालं. तिथून पुढे ती मिस शैला झाली, आणि मी मिस शैलाची मुलगी.

पार्किंगमध्ये नारिंगी जाकीट घातलेले काका हात हलवून जागा दाखवत होते. दारात मिस्टर अर्ल नावाचे उंच, वाकलेले आजोबा उभे होते. मी ठरल्याप्रमाणे हसले आणि हात पुढे केला. पण मिस्टर अर्ल माझ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या मागे बघत होते. मागे आई चपला काढत होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. "आई! इथे काढत नाहीत!" "असू दे गं, मला सवय आहे," आई म्हणाली, आणि तोवर मिस्टर अर्लनी गुडघे करकरवत खाली वाकून तिच्या चपला भिंतीशी नीट लावूनही टाकल्या होत्या. मी हॅनाकडे पाहिलं. ती तोंड दाबून हसेल, सोमवारी सगळ्या वर्गाला सांगेल, माझं कचऱ्याच्या डब्याजवळचं टेबल पुन्हा माझ्या नशिबी येईल, हे सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. हॅनाने पायातल्या सँडल्स उडवल्या, त्या आईच्या चपलांशेजारी टाकल्या आणि अनवाणी पायांनी आईचा हात धरून आत गेली. मी नवे, घट्ट, टाचेला चावणारे बूट घालून त्यांच्या मागून चालत गेले. माझ्या त्या काळच्या जळण्याची सुरुवात नेमकी कुठे झाली असं कुणी विचारलं तर मी तो दरवाजा दाखवू शकेन.

आत सगळं हॅनाने सांगितलं होतं तसंच होतं. कॉफीचा वास, कडक इस्त्रीचे शर्ट, पुढे गिटार आणि ड्रम, पडद्यावर गाण्यांचे शब्द. मी प्रत्येक गोष्ट बरोबर केली. उभं राहायचं तेव्हा उभी राहिले, बसायचं तेव्हा बसले, ताट पुढे सरकवलं. आईने एकही गोष्ट बरोबर केली नाही. गाणं तिला येत नव्हतं तर तिने टाळ्यांचा ठेका धरला, तोही आपल्या आरतीचा, आणि ड्रमवाला मुलगा तिच्याकडे बघून हसत तो ठेका वाजवायला लागला. हात मिळवायची वेळ आली तेव्हा तिने हात जोडून नमस्कार केला. मग रांगेतली एकेक बाई येऊन तिला नमस्कार करून गेली, आणि दोन-तीन जणींनी तर तिला मिठीच मारली. माझ्याशी सगळ्यांनी हात मिळवला, नाही असं नाही. हात मिळवताना त्यांची नजर आईच्या साडीवर होती. हॅना आमच्या दोघींच्या मध्ये बसली होती आणि पूर्ण वेळ आईच्या बांगड्या मोजत होती.

परवाचीच गोष्ट सांगते, म्हणजे हे केवळ तेराव्या वर्षीचं वेड नव्हतं ते कळेल. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मी गाडी लावून येईपर्यंत रिसेप्शनवरची मुलगी तिच्याकडून लिंबाच्या लोणच्याची कृती समजावून घेत होती आणि शेजारचे एक म्हातारे गृहस्थ आपल्या मुलाचा फोटो तिला दाखवत होते. आईचं इंग्रजी अजूनही तेवढंच आहे. मी या देशात वर्षानुवर्षं नोकरी केली, सभा गाजवल्या, आणि त्या मुलीने माझं नाव विचारून पुन्हा चुकीचं उच्चारलं. माझ्या पोटात अजून दुखतं, आणि वयाचा त्यावर काही उपाय नाही.

तर, पाव. तिथल्या धर्मगुरू, पास्टर लिंडा, ठेंगण्या, करड्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी भला मोठा, घरी भाजलेला पाव दोन्ही हातांनी मोडला आणि म्हणाल्या, "हे टेबल आमचं नाही, प्रभूचं आहे. ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं." कुणाला बसून राहायचं असेल तर तेही चालेल, हे त्या म्हणाल्याच. मी आईच्या कानात ते सांगेपर्यंत आई उठून रांगेत लागली होती. मी तिच्या मागे धावले. आईने डाव्या हातावर उजवा हात ठेवून ओंजळ पुढे केली, पाव घेतला, कपाळाला लावला, अर्धा खाल्ला आणि उरलेला अर्धा पदराच्या टोकात बांधायला लागली. मी कळवळून म्हटलं, "आई, तो इथेच खायचा असतो!" "बाबांना नको का? प्रसाद एकट्याने खातात का कधी?" आई म्हणाली. पास्टर लिंडांनी तो बांधलेला पदर पाहिला. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "घरी कुणासाठी?" आईने इंग्रजीत सांगितलं, "हजबंड. होम. व्हेरी टायर्ड. स्लीपिंग." यात खोटं काहीच नव्हतं. पण पास्टर लिंडांचा चेहरा एकदम मऊ झाला. त्यांनी डोळे मिटले, आईच्या खांद्यावर हात ठेवला, पावाचा आणखी एक चांगला मोठा तुकडा मोडून पांढऱ्या रुमालात बांधला आणि तिच्या हातात दिला. मग माझी पाळी आली. मी रात्रभर घोकलेलं 'आमेन' इतकं स्वच्छ म्हटलं की हॅनाला अभिमान वाटावा. पास्टर लिंडा आईच्या पाठमोऱ्या साडीकडे बघत होत्या आणि हॅनाही तिकडेच बघत होती.

बाबा दुपारी उठले तेव्हा आईने त्यांना हात धुवायला लावून तो पाव दिला. "फार छान भाजलाय," ते म्हणाले. त्यांना वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ओट्यावर फॉइलने झाकलेला काचेचा मोठा ट्रे होता. त्यात चिकन आणि नूडल्स. मंगळवारी दुसरी बाई आली, बटाट्याच्या तळलेल्या गोळ्यांखाली खिमा भरलेला ट्रे घेऊन. आई हरखून गेली. "बघ, नवीन माणूस गावात आलं की इथे घरोघरून जेवण पाठवतात. किती चांगली पद्धत आहे." आई शाकाहारी, पण अन्न परत कसं करायचं? बाबा बाहेर सगळं खायचे आणि घरात नाव काढायचे नाहीत. त्यांनी आता उघडपणे, पाट मांडून बसावं तसं टेबलाशी बसून ते खाल्लं. आणि रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे तर आईच्या रक्तातच होतं. प्रत्येक ट्रे घासूनपुसून परत जाताना त्यात शिरा नाहीतर चिवडा नाहीतर नारळाच्या वड्या गेल्या. त्या बाया दारातच आईचे हात हातात घेऊन काहीतरी बोलायच्या आणि डोळे पुसत जायच्या. आईही त्यांना बघून डोळे पुसायची, सोबत म्हणून. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत हॅनाने माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "तुझे बाबा कसे आहेत?" मी म्हटलं, "बरे आहेत." ती म्हणाली, "तू किती धीराची आहेस. पण तुझी आई! घरात एवढं आजारपण, आणि ती सगळ्यांसाठी गोड करून पाठवते. आजी म्हणते, अशी बाई तिने पाहिली नाही." हळूहळू मला तिच्याकडून कळलं की चर्चमधला पाव घरी नेतात तो फक्त अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी, जो येऊच शकत नाही त्याच्यासाठी. म्हणजे सगळ्या चर्चच्या लेखी आमचे बाबा शेवटच्या घटका मोजत होते.

मी घरी सांगितलं. बाबा जेवता जेवता थांबले, ट्रेकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, हा एवढा संपेपर्यंत राहू का आजारी?" आईला मात्र घाम फुटला. "अगं, जाऊन सांगायला हवं. पण मी काय बोलणार? तू सांग." मी 'सांगते' म्हटलं. खरं सांगायचं तर मी त्या सांगण्याची वाट बघत होते. सगळ्यांना कळू दे की मिस शैलाला काहीही समजत नाही, की तिच्या घरात समजतं ते फक्त तिच्या मुलीला. पण मला जावंच लागलं नाही. शनिवारी बाबा हाफ पँट घालून भर उन्हात मशीनने लॉनचं गवत कापत होते आणि मिस डॉटी सूपचं भांडं घेऊन गाडीतून उतरली. तिने भांडं बॉनेटवर ठेवलं आणि जवळजवळ धावतच गेली. "अहो, आत जा! तुम्ही पडून राहायला हवं!" बाबांनी मशीन बंद केलं आणि नम्रपणे विचारलं, "का?" आई दारात आली, मी दारात आले, आणि मी सगळं सांगितलं. एक शब्द अडकला नाही. प्रसाद म्हणजे काय, तो घरी का न्यायचा, बाबा नुसते झोपाळू कसे आहेत, आईला इथल्या रीतीभाती कशा कळत नाहीत, हेही जरा लांबवून सांगितलं. मिस डॉटी ऐकत राहिली. मग ती आमच्या गॅरेजच्या पायरीवर बसली आणि हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "मी इतकी वर्षं आजारी लोकांच्या घरी हा पाव पोचवतेय. आपला नवरा घरी मजेत झोपलाय, त्यालाही मिळायला हवा, असं मनात येणारी बाई मी पहिल्यांदा बघतेय." आणि तिने आईला जवळ ओढलं. दुसऱ्या दिवशी पास्टर लिंडांनी ही गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. बाबांना हौस म्हणून नेलं होतं, तर त्यांना उभं करून टाळ्या वाजवल्या. आईसाठी त्याहून जोरात वाजवल्या. इतकं धडधडीत चुकून एवढा मान मिळतो, आणि सगळं बिनचूक करून मला काय मिळालं, या विचाराने माझा नुसता तिळपापड झाला.

त्यानंतर हॅना आमच्या घरी यायला लागली. हे मी किती महिने मनातल्या मनात रंगवलं होतं! माझ्या खोलीत बसायचं, दार लावायचं, गुपितं सांगायची. हॅना आली की दप्तर माझ्या खोलीत टाकायची आणि थेट स्वयंपाकघरात जायची. आई तिला हनू म्हणायची. हनूला पोळ्या लाटायच्या होत्या, हनूला मोहरी तडतडताना बघायची होती. आणि हनू चक्क ओट्यावर चढून बसायची. ओट्यावर बसायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम होता. अन्नाच्या जागी बूड टेकतात का म्हणून मी लहानपणी धपाटे खाल्ले होते. हॅना पाय हलवत बसायची आणि आई तिच्या बाजूने बेसिनपर्यंत वळसा घालून जायची, पण 'उतर' म्हणायची नाही. मी खुर्चीवर बसून दोघींचं बोलणं एकीचं दुसरीला समजावून सांगायची. हळूहळू त्यांना माझी तेवढीही गरज राहिली नाही. मला कुणाचा जास्त राग येतोय तेही कळेनासं झालं. मला मैत्रीण हवी होती, ती आईला मिळाली. आणि आईच्या हातची पहिली गरम पोळी, जी जन्मापासून माझी होती, ती हॅनाला मिळाली.

ती तशी मिळाली त्या दिवशीच मी बोलले. हॅना ओट्यावर बसून तूप लावलेली पोळी गुंडाळून खात होती, आणि आई माझ्याकडे न बघता दुसरी लाटत होती. मी मराठीत म्हटलं, "ती माझी मैत्रीण आहे. माझी! तू कशाला मध्ये येतेस? तू तुझी शोध ना." हॅना हसून माझ्याकडे बघत राहिली, तिला वाटलं मी पोळी मागतेय. आईने पोळी तव्यावर टाकली, भाजली, माझ्या ताटात वाढली. हॅनाला न्यायला मिस डॉटी आली, दोघी गेल्या, गाडीचा आवाज संपला. मग आई म्हणाली, "कुठे शोधू?" ती ओटा पुसत बोलत राहिली. "तू बसमध्ये बसून जातेस, हे गाडी घेऊन जातात. मी खिडकीतून दोघांनाही बघते आणि मला तुमचा इतका हेवा वाटतो, मुक्ता, की मग दार लावायलाच हात उचलत नाही. मला दिवसभरात नावाने हाक मारणारं कोण आहे इथे? हे 'अगं' म्हणतात, तू 'आई' म्हणतेस. तिथे गेले की सगळे शैला शैला करतात. वाटतं, अजून आहे मी." तिने फडका पिळून नळावर टाकला. "पण तुझं खरं आहे. आधी तुझी ओळख होती. मी नाही येत यापुढे. तू जा."

मला तेव्हा तिची दया आली असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं झालं नाही. मला वाटलं, सुटले. रविवारी मी एकटी मिस डॉटीच्या गाडीत चढले, हॅनाच्या शेजारी बसले, आमच्या दोघींच्या मध्ये कुणी नव्हतं म्हणून खूश झाले. चर्चच्या दारात मिस्टर अर्लनी माझा हात हातात घेतला, आणि माझ्या मागे बघितलं, आणि विचारलं, "मिस शैला कुठे आहे?" कॉफीच्या टेबलाशी तेच. ड्रमवाल्या मुलाने लांबून हातांनीच खूण करून तेच विचारलं. पास्टर लिंडांनी माझ्या ओंजळीत पाव ठेवला आणि म्हणाल्या, "आईची तब्येत बरी आहे ना?" मी पुन्हा एकदा सगळं बरोबर केलं. हॅना पूर्ण वेळ माझी होती, फक्त माझी. ती पडद्यावरचे शब्द वाचत गात होती, आणि मध्येच तिने आपल्या डाव्या बाजूला बघितलं, जिथे एरवी आई बसायची आणि आज पलीकडचा खांब दिसत होता.

घरी आले तेव्हा बाबा झोपलेले होते. आईने वरणभात वाढला आणि समोर बसली. "झालं नीट?" "हो." "गर्दी होती?" "नेहमीएवढी." तिने लोणच्याची बरणी माझ्याकडे सरकवली, पुन्हा आपल्याकडे घेतली, झाकण लावलं. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणी काही विचारलं का?"

'नाही' हा शब्द जिभेवर तयार होता. तो म्हणायला फार सोपा होता, आणि तो म्हटला असता तर हॅना माझीच राहिली असती. मी भात कालवत राहिले. आईने मान खाली घातली होती, पण तिचा हात झाकणावर तसाच थांबला होता.

"विचारलं," मी म्हटलं.

"कुणी?"

"मिस्टर अर्लनी. दारातच."

"काय म्हणाले? नीट सांग."

"म्हणाले, मिस शैला कुठे आहे?"

"अस्सं म्हणाले? नाव घेऊन?"

"नाव घेऊन. पास्टर लिंडांनीही विचारलं, तब्येत कशी आहे म्हणून. आणि कॉफीवाल्या बाईने. चिवड्याची आठवण काढली तिने. आणि त्या ड्रमवाल्याने."

"तो लाजरा मुलगा?" आई हसली. "अजून?"

"मिस डॉटीने जाताना आणि येताना, दोन्ही वेळा."

"अजून?"

ते एक नाव मी मागे ठेवलं होतं. आई वाट बघत होती, आणि मला दिसत होतं की ती कुणाच्या नावाची वाट बघतेय, आणि ती ते कधीही स्वतःहून विचारणार नाही.

"हॅनाने," मी म्हटलं. "सगळ्यांच्या आधी तिनेच विचारलं. मी गाडीत बसायच्याही आधी."